सतरावी लाल चिठ्ठी

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा अख्खा वर्ग उठून उभा राहिला. तेवीस पोरंपोरी, सगळी विशी-पंचविशीतली, एका सुरात "गुड मॉर्निंग सर" म्हणून मोकळी झाली. त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला की सर म्हणजे आपणच. एक्कावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, हातात डबा घेतलेला माणूस कम्प्युटरच्या वर्गात शिकवायलाच येणार, शिकायला कशाला मरायला येईल? "बसा, बसा," असं तो पुटपुटला आणि तेही नेमकं सरांसारखंच झालं. मान खाली घालून तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. वर्गात जे हसू फुटलं ते खरे सर येईपर्यंत चालू होतं. खरे सर तीस वर्षांचे होते.

कारखान्यात त्याचं नाव केसभर. सत्तावीस वर्षं त्याने लेथवर लोखंडी शाफ्ट कातले. तुकडा मापाला आला का, असं कुणी विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "केसभर बाकी आहे." चहाची सुट्टी होवो, पाळी संपो, गडी हलायचा नाही. पुढे डोक्यावरचे केस गेले, नाव तेवढं राहिलं, आणि टकलाला केसभर म्हणण्यात लोकांना भलतीच मजा येऊ लागली. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. ज्याच्या हाताला माप आहे त्याने चिडायचं कशाला?

मग कारखान्यात आपोआप चालणारी यंत्रं आली. बारा टर्नरांना एकदमच हार घालून घरी पाठवलं, आणि त्यांचे लेथ भंगारवाल्याने वजनावर नेले. केसभर फाटकाशी उभा राहून बघत होता. आपल्या लेथचं वजन किती भरलं हे त्याला ऐकायचं नव्हतं, म्हणून आकडा पुकारायच्या आत तो चालू लागला.

त्यानंतरचे पाच महिने तो घरात नुसता बसून होता. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला. तिने तिथल्या भिंतीवर एक जाहिरात पाहिली: नवं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, सॉफ्टवेअर तपासणीचा, वयाची अट नाही.

"अहो, चूक शोधायचं काम आहे," ती म्हणाली. "जन्मभर दुसरं केलंत काय तुम्ही?"

"अगं, लोखंडातली चूक हाताला लागते. काचेमागची कशी लागणार?"

"नाही लागली तर परत या. घरी बसून माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढताय, त्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन नाव घातलं.

इथे कारखान्यातली एक रीत सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तुकडा बिघडला, म्हणजे मापापेक्षा जास्त कातला गेला, की तो परत जोडता येत नाही. त्या तुकड्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर दोनच गोष्टी, "जॉब खराब" आणि आपला टोकन नंबर. तो तुकडा स्वतःच्या हाताने नेऊन फोरमनच्या टेबलावर ठेवायचा. बाकी काही बोलायचं नाही. कितीतरी जण तुकडा लोखंडाच्या किसाखाली गुपचूप पुरून टाकत. केसभरने ते कधी केलं नाही. त्याची पहिली चिठ्ठी वयाच्या चोविसाव्या वर्षी लागली. टेबलापर्यंत जाताना तो दोनदा मागे फिरला. फोरमनने तुकडा हातात घेतला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "चिठ्ठी लावलीस ना? मग जा, दुसरा तुकडा चढव." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून केसभरला त्या कारखान्यात भीती अशी वाटलीच नाही. सत्तावीस वर्षांत त्याच्या नावावर सोळा चिठ्ठ्या लागल्या, आणि त्या त्याला पाठ होत्या. टोकन नंबर दोनशे सतरा.

आणि दुसरी रीत साफसफाईची. पाळी संपली की लेथ झाडायचा, कीस भरून न्यायचा, तेलाचं फडकं फिरवायचं आणि पुढच्या पाळीच्या माणसाला यंत्र लखलखीत द्यायचं. घाण यंत्र मागे ठेवणं म्हणजे पुढच्याला शिवी दिल्यासारखं. केसभरच्या हाताला हे इतकं बसलं होतं की घरचा मिक्सरसुद्धा तो वायर गुंडाळून, पुसून, तोंड भिंतीकडे करून ठेवी.

तर असा हा माणूस पोरांच्या वर्गात जाऊन बसला. आणि काय सांगावं, पहिले दोन महिने त्याने जी लाज सोसली ती आधीच्या पन्नास वर्षांत मिळून सोसली नव्हती. ज्या बोटांना केसाच्या जाडीचा फरक समजे, ती बोटं माउसवर आली की दारू प्यायल्यासारखी भरकटत. सर म्हणत, "डबल क्लिक करा," आणि याच्या दोन टिचक्यांमध्ये एवढं अंतर पडे की कम्प्युटरला वाटे दोन वेगळी माणसं आली. सर "काका" म्हणत, हा त्यांना "सर" म्हणे, आणि दर वेळी ते "सर" घशात अडकून मगच बाहेर येई. एकदा रस्त्यात कारखान्यातला जुना वेल्डर भेटला. "काय रे केसभर, करतोस काय सध्या?" असं त्याने विचारलं, आणि याच्या तोंडून निघून गेलं, "कम्प्युटरच्या कंपनीत लागलोय." वेल्डरने कौतुकाने पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला दिवसभर टोचत राहिली.

सगळ्यात नडला तो पासवर्ड. सरांचा नियम असा, की त्यात मोठं अक्षर हवं, छोटं हवं, आकडा हवा, चिन्ह हवं आणि तो कुठेही लिहून ठेवायचा नाही. केसभर चार दिवसांत विसरे. मग कॉरिडॉरच्या टोकाला सरांची खोली होती तिथे जायचं, आणि तिथे नेहमी चार पोरं उभी असत, त्यांच्यादेखत सांगायचं की मी विसरलो. असं त्याने पाच वेळा केलं. पाचव्या वेळी सर हसत म्हणाले, "काका, नाव तरी लक्षात आहे ना?" पोरं फिदीफिदी हसली. सहाव्यांदा विसरला तेव्हा मात्र तो त्या खोलीकडे गेला नाही. जीव गेला तरी जाणार नाही असं त्याने ठरवलं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, आणि ते त्याला फार उशिरा समजलं.

त्याला वाचवलं ते एका मुलीने. वर्गाचे तीन-तीन जणांचे गट पाडले होते. याच्या गटात एक मुलगा, जो सदानकदा कानाला हेडफोन लावून असे. त्याला हाक मारायची तर खांदा हलवावा लागे. आणि एक मुलगी, जी खोलीतल्या गार वाऱ्यामुळे आतसुद्धा लोकरीची टोपी घालून बसे. केसभरने मनातल्या मनात त्यांची नावं ठेवून टाकली, हेडफोन आणि टोपी. टोपी पहाटे एका बेकरीत काम करून, बाहीला पीठ तसंच घेऊन वर्गात येई आणि सगळं घाईघाईने करी. पण केसभरला शिकवताना तिची घाई कुठे जाई कोण जाणे. एकच गोष्ट ती चार वेळा सांगे आणि चौथ्या वेळीही तोंड वाकडं करत नसे.

"काका, पासवर्डसाठी कशाला जाताय परत सरांकडे?" ती म्हणाली. "माझ्या नावाने बसा. मी उघडून ठेवते, जाताना बंद करा म्हणजे झालं."

तो बसू लागला तिच्या नावाने. हायसं वाटलं त्याला.

त्यांच्या गटाकडे काम होतं दवाखान्याच्या नोंदणीचं. रुग्णाने घरबसल्या वेळ ठरवायची, असं एक पान हेडफोनने बनवलं होतं. ते कुठे कुठे फसतं हे शोधून एकेक चाचणी लिहायची, करायची आणि निकाल नोंदवायचा, हे टोपीचं आणि केसभरचं काम. आणि इथे काय चमत्कार झाला! केसभरची गाडी रुळावर आली. संध्याकाळी तो बायकोला विचारी, "खिडकीवर लोक काय काय घोळ घालतात गं?" आणि ती हसून हसून सांगे. एकाने स्वतःऐवजी नातवाची जन्मतारीख घातली. जुळ्या बहिणी आल्या, आडनाव एक, जन्मतारीख एक, फोन एक. एका म्हाताऱ्याने फोन नंबरच्या जागी "शेजारच्यांकडे निरोप ठेवा" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी केसभर तेच पानावर करून बघे आणि पान धाडकन पडे. जुळ्या बहिणींपैकी एकीला तर पान सरळ नाहीशीच करून टाकी. टोपी टाळ्या पिटायची. "काका, तुम्ही भारी वाईट माणूस आहात," असं ती म्हणे, आणि त्या वर्गात याला मिळालेली ती पहिली शाबासकी होती. दीड महिन्यात दोघांनी मिळून तीनशे चाळीस चाचण्या लिहिल्या. त्यातल्या त्रेचाळीस त्याच्या एकट्याच्या.

शुक्रवारी एका कंपनीच्या बाई काम बघायला येणार होत्या. प्रत्येक गटातून एकाने काम दाखवायचं, आणि सगळ्यांतून दोघांना कंपनी उमेदवारीवर घेणार. केसभरच्या गटातून टोपी दाखवणार हे न बोलता ठरलेलं होतं. ती जागा मिळाली तर ती बेकरी सोडणार होती. चार वर्षांत एकही पहाट झोपून काढली नाही, असं ती एकदा बोलून गेली होती.

बुधवारी पाचच्या ठोक्याला ती निघाली. "काका, बंद करून जा हं." केसभर तिच्या नावाने बसलेला. काम संपलं होतं. परवा पाहुण्या बाई येणार. त्याने समोर पाहिलं तर पडद्यावर हा पसारा! टोपीने घाईघाईत शेकडो फायलींना वाट्टेल ती नावं दिलेली: जुनं एक, जुनं दोन, प्रत, प्रतीची प्रत, तात्पुरतं सात, उगाच, उगाच नवीन. केसभरला तो सगळा कीस दिसला. पाळी संपल्यावर यंत्राभोवती पडलेला कीस. परवा त्या बाई येणार आणि पोरीच्या यंत्राभोवती हे असलं? पुसणं त्याला येत होतं. अख्ख्या अभ्यासक्रमात एका दमात शिकलेली तेवढी एकच गोष्ट होती. त्याने सगळं निवडलं, काढून टाकलं, मग कचऱ्याच्या पेटीत गेला, कारण किसाने भरलेला ट्रे तसाच ठेवून घरी जाणाऱ्यातला तो नव्हता, आणि ती पेटीही रिकामी केली. मग खिशातून रुमाल काढून त्याने पडदा पुसला. फार दिवसांनी पाळी संपल्यासारखं वाटलं त्याला. घरी जाताना तो शीळ घालत होता.

गुरुवारी सकाळी टोपीने फोल्डर उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस चाचण्या गेलेल्या. सरांकडची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची, त्यात जेमतेम शंभर. सर आले, सगळा वर्ग गोळा झाला. आपण कीस म्हणून झाडलं त्याच त्या चाचण्या होत्या, हे केसभरला समजलं. आता बोलायचं, असं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं होतं, तोंडही उघडलं होतं.

"कोणी हात लावला याला?" सर ओरडले. "काका सोडून बोला. काकांना फोल्डर उघडायलाच अर्धा तास लागतो."

सगळे हसले. आणि केसभरही हसला.

पुढे त्याने स्वतःला पुष्कळ बोल लावले, पण त्या हसण्याइतकी कशाचीच लाज त्याला वाटली नाही. उघडलेलं तोंड त्याने हसण्यासाठी वापरलं.

सरांनी नोंदी काढल्या. पुसलं ते टोपीच्या नावाने, बुधवारी, पाच वाजून चार मिनिटांनी.

"मी पाचला निघाले सर," ती म्हणाली. "माझ्या नावाने काका बसले होते."

"काका, तुम्ही काही केलंत का?"

"मी?" केसभर म्हणाला. "मी फक्त बंद केलं."

केवढंसं वाक्य! ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण भुई कुठली दुभंगतेय, फरशी पक्की होती.

सर टोपीवर घसरले. "निघायच्या घाईत तूच काहीतरी पुसलंस. नेहमीचंच आहे तुझं. आणि वर यांच्यावर ढकलतेस? ज्यांना धड डबल क्लिक येत नाही त्यांच्यावर? वयाचा तरी मान ठेव जरा." टोपीने केसभरकडे पाहिलं. रागाने नव्हे, तेच तर वाईट होतं. ती खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होती, की आपण निघताना काय काय दाबलं. मग ती त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सॉरी काका. उगीच तुमचं नाव घेतलं मी." आणि पिशवी उचलून गेली.

दुपारी सरांनी त्याला बोलावलं. "उद्या तुमच्या गटाचं तुम्हीच दाखवा काका. जेवढ्या चाचण्या उरल्यात तेवढ्या. या वयात शिकणारा माणूस बघून बाईंवर छाप पडेल. कोण जाणे, घेतीलसुद्धा तुम्हाला." केसभरने मान डोलावली. ती मान का डोलावली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी बायकोला एवढंच समजलं, की नवऱ्याला उद्या काम दाखवायला निवडलंय. तिला आकाश ठेंगणं झालं. तिने त्याचा शर्ट इस्त्री केला आणि लगेच बहिणीला फोन लावला. केसभर न्हाणीघरात तोंड धूत होता. पाणी बंद केल्यावर तिचा आवाज ऐकू आला.

"अगं, घेणारच त्यांना. असा माणूस मिळतो कुठे? सत्तावीस वर्षांत सोळा चुका, आणि सोळाच्या सोळा स्वतः जाऊन सांगितलेल्या. मी लग्न केलं ते काय टकलाशी केलंय होय?"

केसभर ओल्या तोंडाने तसाच उभा राहिला. आरशात बघण्याची हिंमत झाली नाही. जेवताना त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली. "जीव घाबरा झालाय ना?" बायकोने विचारलं, "होतंच असं," आणि पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली तो चोरासारखा बसून राहिला. सांगावंसं वाटलं, पण ज्या तोंडाने सांगायचं ते तोंड सकाळी हसलेलं होतं.

सकाळी त्याने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्याचा मायक्रोमीटर होता आणि लाल चिठ्ठ्यांची एक उरलेली गड्डी. एक चिठ्ठी फाडून त्याने तिच्यावर लिहिलं: जॉब खराब. टोकन नंबर २१७. अक्षर वळणदार आलं.

सर यायच्या आत त्याने ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसला. छातीवरचं ओझं अर्धं उतरल्यासारखं झालं. रीत पाळली, आता फोरमन बोलेल. सर आले. चिठ्ठी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "हे काय? लाइट दुरुस्तीवाले येऊन गेले वाटतं." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि कुणाचा तरी नंबर त्यांनी त्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतला.

केसभर बघतच राहिला. त्या सबंध खोलीत लाल चिठ्ठीचा अर्थ जाणणारा एकही माणूस नव्हता. सत्तावीस वर्षं तो स्वतःच्या खरेपणावर फुशारत आला होता, आणि आता त्याला दिसलं की त्यातला अर्धा खरेपणा त्या कागदाचा होता. तिथे बोलावं लागत नसे. इथे बोलायला लागणार होतं.

अकराला कंपनीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, पांढरे केस न लपवलेल्या. टोपीची खुर्ची रिकामी होती. सरांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं. पहिले दोन गट झाले. "आता आमचे काका," सर म्हणाले, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. केसभर पुढे गेला. पडद्यावर दवाखान्याचं पान उघडलेलं होतं.

"हे काम माझ्या गटातल्या मुलीचं आहे," तो म्हणाला. "तीनशे चाळीस चाचण्या होत्या. त्या तिने नाही पुसल्या. मी पुसल्या."

मग सर घाईने पुढे आले आणि बाईंना म्हणाले, "काकांचं मन फार मोठं आहे. त्या मुलीला सांभाळून घेतायत. काका, असू द्या. तुम्हाला जमण्यासारखं नाहीये ते."

"मला जमतं, सर."

"अहो काका, नुसतं काढून टाकून भागत नाही. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केलेली होती. ते तुम्हाला कुठून..."

"केली ना. भरलेली ठेवून कसं जाणार?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "दाखवा बरं, कसं पुसलंत?"

जगात चोऱ्या पुष्कळ झाल्या असतील, पण मी चोर आहे हे पटवायला परीक्षा द्यावी लागलेला माणूस हाच असेल. सरांनी फालतू फायलींचं एक फोल्डर उघडून दिलं. केसभर बसला. दोन टिचक्या मारल्या, बरोब्बर अंतराने. सगळं निवडलं. काढलं. पेटीत गेला, पेटी रिकामी केली, आणि कम्प्युटरने "नक्की का?" असं विचारलं तेव्हा "होय" दाबलं. मध्ये एकदाही बोट अडखळलं नाही. साडेतीन महिन्यांत त्या वर्गात त्याने बिनचूक करून दाखवलेलं हे पहिलं काम. मग, कोणी न सांगता, त्याने खिशातून रुमाल काढला आणि पडदा पुसला.

तो रुमाल बघितला आणि सगळ्यांना पटलं. आता कोणी हसलं नाही.

"मला तो कचरा वाटला," केसभर रुमालाची घडी घालत म्हणाला. "आम्ही पाळी संपली की यंत्र झाडतो. चूक झाली ती तिथे नाही झाली. ती काल झाली."

"मग काल का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"काल सगळे हसले, बाई. मला येत नाही म्हणून. मग मीही हसलो."

सर दुसरीकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. केसभर मात्र कुणाकडेच बघू शकत नव्हता. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, ते त्याच्या वाट्याला आलं नाही. फोरमनच्या टेबलापाशी वाटायचं तसलं काहीच वाटलं नाही. एक दिवसाचा उशीर झाला होता, आणि तो दिवस दुसऱ्याच्या अंगावरून गेला होता.

सरांनी तिला फोन केला. दीड वाजता ती आली, बेकरीचा एप्रन तसाच, डोक्याला टोपी. सरांनी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. केसभर पुढे झाला. जोडायला हात उचलले, पण तिने ते वर येऊच दिले नाहीत.

"मी काल घरी जाऊन आईला सांगितलं की मीच केलं," ती म्हणाली. "खोटं नाही सांगितलं, काका. मला तसंच वाटायला लागलं होतं. रात्रभर मला आठवत होतं मी पुसल्याचं."

मग ती एप्रन सोडत आपल्या कम्प्युटरकडे गेली. एखादी शिवी दिली असती तर केसभरने ती आनंदाने घेतली असती.

पुढचं आधीच सांगून टाकतो. बाईंनी तिला सोमवारी दुपारपर्यंत वेळ दिला. सोमवारी तिने काम दाखवलं आणि ती निवडली गेली. केसभरचं नाव यादीत नव्हतं, ते असायचं कारणही नव्हतं. शुक्रवारी घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताईला फोन करून सांगावं लागेल," आणि फोन त्याच्याच हातात दिला. तो फोनही त्याने केला.

पण शनिवार राहिलाच. शनिवारी सकाळी तो वर्गात गेला तेव्हा टोपी एकटीच बसलेली, सुरुवातीच्या शंभर चाचण्यांपुढच्या आठवून आठवून लिहीत होती. हेडफोनने आपल्याकडच्या जुन्या फायलींतून मिळेल ते शोधून ठेवलं होतं, आणि आज त्याच्या कानाला काही नव्हतं. केसभर दारात उभा राहिला.

"माझ्या त्रेचाळीस मला तोंडपाठ आहेत," तो म्हणाला. "आणि तुझ्या पुष्कळशा. ये म्हणालीस तर येतो."

तिने मान वर केली नाही. पायाने शेजारची खुर्ची मागे सरकवली. तो बसायला आला आणि सवयीने तिच्या कम्प्युटरकडे वळला, तेव्हा ती म्हणाली, "तिथे नाही. तो पलीकडचा घ्या. तुमच्या नावाने बसा."

"पासवर्ड विसरलोय गं मी."

"मग सरांकडे जा आणि मागा."

केसभर उठला. कॉरिडॉर लांब होता. टोकाच्या खोलीत आज शनिवार असूनही पाच पोरं उभी होती, त्यातला एक त्या हसणाऱ्यांपैकीच. केसभर उंबऱ्यात थांबला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, मी पासवर्ड विसरलो. सहाव्यांदा." सरांनी नवीन दिला. कुणी हसलं का, ते त्याने पाहिलं नाही.

परत येऊन त्याने एका बोटाने एकेक अक्षर दाबत स्वतःचं नाव टाकलं, मग पासवर्ड. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव आलं. टोपीने मान न वळवताच आपली वही दोघांच्या मध्ये सरकवली.

"शंभरपर्यंत आहेत," ती म्हणाली. "एकशे एक. जुळ्या बहिणी. सांगा."

केसभर सांगू लागला.